निजलेल्या बाळास दिवाळीसाठी उठवू नये

दीपावलीचे दिवे लागतात तेव्हा भगवान श्रीविष्णू निद्रिस्त असतात, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. आषाढ शुद्ध एकादशीस शेषशय्येवर पहुडलेला श्रीहरी जागा होतो तो कार्तिक शुद्ध एकादशीस. आणि दिवाळी येते ती त्याच्या आधी. देव निजलेला असतानाच लक्ष्मीपूजन होते, बलिप्रतिपदा होते, भाऊबीज होते. पाहुणे आले आहेत, त्याला जरा उठवा, असे कोणी म्हणत नाही. घरातील तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

बाळाची पहिली दिवाळी म्हणजे घरोघरी केवढे अप्रूप! आठ-दहा तासांचा प्रवास करून ते आजोळी किंवा आजोबांच्या गावी येते. परके घर, परके वास, परके आवाज. पहाटे अंधारात त्याला अभ्यंगासाठी उचलतात. दुपारी कोठे डोळा लागतो, तो आत्याबाई येतात, आणि ‘मुखडा तरी पाहू द्या’ म्हणून पाळण्यावरचे दुपटे दूर होते. सायंकाळी ते रडून आकांत करू लागले की मीठमोहऱ्या उतरल्या जातात. दृष्ट अवश्य काढावी, माझा त्यास विरोध नाही. परंतु त्या लेकराला दृष्ट लागलेली नसते, त्याची झोप झालेली नसते. चार महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलास दिवसा-रात्री मिळून १२ ते १६ तास झोप लागते, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. खूप दमले म्हणजे लवकर निजेल, हा समजही खरा नव्हे. थकवा मर्यादेबाहेर गेला की झोप अधिकच दूर पळते.

आता कोणी म्हणेल, शास्त्राचे काय? शास्त्र बाळाच्याच बाजूचे आहे. सुश्रुताने शारीरस्थानात बजावले आहे की बालकास सुख वाटेल असे धरावे, त्याच्यावर ओरडू नये आणि त्यास एकाएकी जागे करू नये, कारण ते भयभीत होते. चरकाने तर आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेलाच शरीराच्या तीन आधारांत बसविले. गौतम धर्मसूत्र उपनयनापूर्वी मुलास आचाराची बंधने घालीत नाही. आणि धर्मसिंधु, जो १७९० च्या सुमारास पंढरपूरच्याच काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी सिद्ध केला, तो एकादशीचा उपवासदेखील आठ वर्षांच्या आतील मुलावर लादत नाही. मग चंद्रोदयाच्या अभ्यंगाची सक्ती सहा महिन्यांच्या अर्भकावर कोणी केली? ते आपण होऊन जागे झाले म्हणजे कोवळ्या उन्हाच्या वेळी तेल लावावे, ऊन पाण्याने न्हाऊ घालावे, ओवाळावे. नरकासुराचे भय त्याला नाही.

खरी अडचण शास्त्राची नाही, भिडेची आहे. बाळाची झोप केव्हा, हे त्याच्या आईला पुरते ठाऊक असते. परंतु सासरी भरल्या घरात ‘आता त्याला उठवू नका’ हे शब्द तिच्या ओठांवर येत नाहीत. आले तर ‘आम्ही काय मुले वाढविली नाहीत?’ हे उत्तर ठरलेले. म्हणून ते बोलणे तिच्यावर सोपवू नये. घरातील ज्येष्ठाने, आजीने अथवा आजोबांनी, स्वतः दाराशी बसून सांगावे की बाळ निजले आहे, फराळ घ्या, उठले की पाहा. आजीच्या शब्दापुढे आत्याबाई रुसत नाहीत. रुसल्याच तर आजी समजूत घालण्यास समर्थ असते.

प्रवासास निघतानाच थोडा विचार हवा. घरातले नित्याचे दुपटे न धुता बरोबर घ्यावे. त्याच्या ओळखीच्या वासाने परक्या घरीही बाळाला धीर येतो. जी अंगाई घरी, तीच तेथे, त्याच वेळी. आतली मंद उजेडाची खोली त्याच्यासाठी राखावी. सपाट, फार मऊ नसलेल्या अंथरुणावर त्यास उताणे निजवावे. उशा, लोड, जाड रजया जवळ नसाव्यात, आणि पाहुण्यांच्या गर्दीमुळे एकाच गादीवर चौघांच्या मध्ये तर मुळीच निजवू नये. एका दिवसात पाच घरचा फराळ करण्याचा हट्ट सोडावा. पूर्वी तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवीत. आज प्रवासात शांत राहावे म्हणून कोणी खोकल्याचे औषध पाजतात. दोन्ही सारखीच घातक.

फटाक्यांविषयी लिहिताना लेखणी जड होते. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले. तरीही पहिल्या स्नानाचा मान मिरविण्यासाठी पहाटे पाचला माळ लागतेच. शेजारच्या भिंतीपलीकडे पाळणा आहे, एवढे तरी लावणाऱ्याने पाहावे.

पंढरीत वारीच्या काळात श्रीविठ्ठलाचा पलंग काढतात. अहोरात्र दर्शन चालते, देव निजत नाही. पाठीशी तेवढा लोड देतात. परंतु वारी सरली की प्रक्षाळपूजा होते, ऊन पाण्याने स्नान घालून शिणवटा काढतात, काढा दाखवितात, पलंग पुन्हा जागी येतो आणि देव निजतो. एवढी जाण ज्या परंपरेस आहे, तिने परत आलेल्या बाळासही तीन-चार दिवस द्यावेत. घडी बसेपर्यंत ते रात्री दोनदा अधिक उठेल, दुपारी अवेळी निजेल. त्या दिवसांत घरी कोणास फराळाला बोलावू नये. बोलवायचेच असेल तर तुळशीच्या लग्नाला बोलवावे. तोवर देवही जागा झालेला असतो.