जळालेला पंप सुरू करण्यापूर्वी

वायंगणाच्या शेतीला पाणी देण्याचे दिवस आले की पेट्रोलवर चालणारे पंप धडधडू लागतात आणि क्वचित एखाद्या इंजिनाला आग लागते. असा पंप पुष्कळदा दुरुस्त होतो. मात्र दुरुस्तीचा क्रम चुकू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

बरेच जण जळालेली नळी बदलून लगेच दोरी ओढतात. परंतु नळी जळणे हा बहुधा आगीचा परिणाम असतो; कारण वेगळेच असते. तोटी पाझरते, कार्ब्युरेटर भरून वाहतो, किंवा तापलेल्या सायलेन्सरवर पेंढा साचतो. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही ठिणगीने पेटते. मग तापल्या इंजिनाजवळ काय सांगावे! म्हणून इंजिन निवाल्यावर प्रथम टाकी रिकामी करावी, प्लगची तार काढावी आणि कारण शोधून ते दूर करावे. त्यानंतरच नळी, वितळलेली तार, गॅस्केट आणि हवेची गाळणी बदलावी. पहिल्यांदा सुरू करताना पंप उघड्यावर न्यावा, त्यात पाणी भरावे व जवळ वाळूची बादली ठेवावी.

दोरी ओढणारा बहुधा घरचा तरुण मुलगाच असतो. पंप दुसरा घेता येतो, हे वडीलधाऱ्यांनी विसरू नये.