प्राध्यापकाचा दूरध्वनी : खासगी की सार्वजनिक?

महाविद्यालयाचे नवे वर्ष सुरू झाले आणि प्रथम वर्षाच्या वर्गावर पहिला तास घेतला की, तासाच्या शेवटी एक प्रश्न हमखास येतो. मागच्या बाकावरचा एखादा धीट विद्यार्थी उभा राहतो आणि विचारतो, "सर, तुमचा नंबर?" प्रस्तुत लेखक गेली अनेक वर्षे आपला क्रमांक निःसंकोचपणे फळ्यावर लिहीत आला आहे. अलीकडे मात्र खडू हाती घेतल्यावर हात क्षणभर थबकतो. हे थबकणे आळसाचे की शहाणपणाचे, याचा विचार शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि संस्थाचालकांनीही मोकळेपणाने करावयास हवा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही पदवीचे विद्यार्थी होतो तेव्हा, म्हणजे २००० सालाच्या आसपास, प्राध्यापकांच्या घरी दूरध्वनी असे आणि त्याचा क्रमांकही आम्हांस ठाऊक असे. परंतु ते यंत्र बैठकीच्या खोलीत असे. घंटा वाजली की बहुधा सरांच्या पत्नी किंवा त्यांचे वडील तो घेत. आपण कोण, काम काय, हे त्यांना सांगितल्यावाचून सरांपर्यंत पोहोचता येत नसे. त्यामुळे विनाकारण दूरध्वनी करण्याचे धाडस कोणी करीत नसे आणि जे बोलणे होई ते घरच्यांच्या देखत होई. त्या उपकरणात मर्यादा आपोआपच अंतर्भूत होती. भ्रमणध्वनीने ती काढून टाकली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि व्याख्याने, सूचना, हजेरी, परीक्षा सारे काही शिक्षकाच्या खासगी उपकरणावर आले. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. साथ ओसरली, वर्ग भरू लागले. व्हॉट्सअ‍ॅपवरील वर्गाचे गट मात्र तसेच राहिले.

दोन अनुभव

या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. आमच्या वर्गात ऊसतोड मजुराची एक मुलगी होती. दिवाळीनंतर ती आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या हद्दीत गेली. एके दिवशी सायंकाळी वडिलांच्या फोनवरून तिने मला विचारले, की शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला आहे, बँक खाते आधारशी जोडलेले नाही असे दिसते आणि मुदत दोन दिवसांची आहे; आता काय करावे? माझा क्रमांक तिने पहिल्याच दिवशी वहीच्या मुखपृष्ठावर उतरवून ठेवला होता. पाच मिनिटांच्या बोलण्याने काम झाले. शिष्यवृत्ती वाचली आणि पुढे तिने पदवीही घेतली. ज्याच्या घरात यापूर्वी कोणीच महाविद्यालय पाहिलेले नाही, त्या विद्यार्थ्याला विचारायला दुसरे माणूस नसते. अशा मुलांसाठी प्राध्यापकाचा क्रमांक हाच शिक्षणाच्या व्यवस्थेत शिरण्याचा दरवाजा असतो.

दुसरा अनुभव माझ्या परिचयातील एका तरुण प्राध्यापिकेचा. त्या तासिका तत्त्वावर शिकवीत. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच मानधन. 'सर्व शिक्षकांनी आपले क्रमांक वर्गाच्या गटावर टाकावेत' अशी सूचना आली आणि त्यांनी ती पाळली. महिन्याभरात रात्री-अपरात्री अनोळखी क्रमांकांवरून फोन येऊ लागले. त्यांचे छायाचित्र कोणीतरी भलत्याच ठिकाणी पाठविले. त्यांनी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, "मग नंबर दिलात कशाला?" ज्यांच्या आदेशावरून तो दिला, त्यांनीच हे विचारावे याहून मोठी विसंगती कोणती? त्यांनी क्रमांक बदलला. त्यानंतर खरी अडचण असलेल्या विद्यार्थिनींनाही त्या दुरावल्या.

येथे शिक्षकाची जी अडचण, तीच विद्यार्थिनींचीही. वर्गाच्या गटावर शंभर मुलांना परस्परांचे क्रमांक दिसतात आणि ते दाखविण्यास कोणाची संमती घेतलेली नसते. शिवाय अंतर्गत गुण ज्याच्या हाती आहेत, त्याने रात्री दहा वाजता संदेश पाठविला तर उत्तर न देण्याचे स्वातंत्र्य विद्यार्थिनीला असते काय? उच्च शिक्षणसंस्थांतील लैंगिक छळाला प्रतिबंध करणारे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम अस्तित्वात आहेत. परंतु छळ झाल्यावर दाद मागण्यापेक्षा त्याची संधीच कमी करणे केव्हाही श्रेयस्कर.

फडाचा धडा

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या साऱ्यात एक जुनाच धडा दिसतो. ज्या वस्तूला मोल नाही तिची मागणी अमर्याद होते. "उद्या कॉलेज आहे का?" हा प्रश्न सूचनाफलक पाहून सुटतो, पण फलकापर्यंत चालत जाण्यापेक्षा सरांना विचारणे स्वस्त पडते. अशा शंभर प्रश्नांच्या ढिगाऱ्यात ऊसतोड मजुराच्या मुलीचा एक प्रश्न गाडला जातो. खानदेशात पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीने पाणी वाटले जाई. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत त्याने मनास येईल तेवढे पाणी घ्यावे, असे तेथे चालत नसे. पाळी ठरलेली असे आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारा पाटकरीही असे. सामायिक साधनसंपत्ती वापरणारे लोक स्वतः नियम करून ती टिकवू शकतात, हेच आपल्या अभ्यासातून दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शिक्षकाचा वेळ हे असेच सामायिक पाणी आहे. नियम नसला तर तोंडाशी असलेला धीट विद्यार्थी ते सारे घेतो आणि शेवटच्या शेतापर्यंत, म्हणजे बुजऱ्या विद्यार्थ्यापर्यंत, ओलही पोहोचत नाही.

यावर कोणी म्हणेल, की शिक्षकी पेशा म्हणजे व्रत आहे. व्रताला वेळेचे बंधन कसले? हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु पूर्ण वेतन घेणाऱ्या माझ्यासारख्याने तो मान्य करणे निराळे आणि तासांवर मानधन मिळणाऱ्या शिक्षकावर तो लादणे निराळे. कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत त्या आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. तथापि हक्काची भाषा बोलणाऱ्या शिक्षकांनी कर्तव्याचाही हिशेब द्यावयास हवा. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी शिक्षकाने आठवड्यास किमान ४० तास काम करावे आणि रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असावे, अशी तरतूद केली. तास संपताच जो दुचाकीला किल्ली लावतो, त्याने खासगीपणाचा आडोसा घेऊ नये. महाविद्यालयात जो भेटत नाही, त्यालाच घरी फोन करावा लागतो.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत आणि खर्चिकही नाहीत. पहिला, कोणत्याही शिक्षकावर क्रमांक देण्याची सक्ती नसावी आणि शिक्षकाचा वा विद्यार्थ्याचा क्रमांक त्याच्या संमतीवाचून गटावर किंवा माहितीपत्रकात येऊ नये. दुसरा, प्रत्येक विभागाला संस्थेने स्वतःच्या खर्चाने एक साधा भ्रमणध्वनी द्यावा. तो विभागातील शिक्षकांनी पाळीपाळीने सांभाळावा, त्याची वेळ जाहीर असावी आणि अर्ज व परीक्षेच्या दिवसांत ती रात्री आठपर्यंत वाढवावी. तिसरा, सूचनांसाठी असा गट असावा की ज्यावर फक्त विभाग लिहील आणि ज्यात एकाचा क्रमांक दुसऱ्यास दिसणार नाही. चौथा, प्रत्येक शिक्षकाच्या दारावर भेटीची वेळ लिहिलेली असावी आणि त्या वेळी तो खरोखर दाराआड असावा. पाचवा, जिवावरच्या प्रसंगासाठी प्राचार्यांनी ठरविलेला एक क्रमांक अहोरात्र चालू असावा आणि त्याशेजारी मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहावा. रात्री एक वाजता खचून गेलेल्या मुलाला आधार देण्याचे शिक्षण अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला मिळालेले नसते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

हे होईपर्यंत माझ्यापुरते उत्तर मी ठरविले आहे. मी क्रमांक लिहीन. तो फळ्यावर, सर्वांसमोर आणि सर्वांसाठी लिहीन, व त्याखाली वेळही लिहीन. एखाद्याच विद्यार्थ्याला बाजूला घेऊन तो देणार नाही. मात्र हा माझ्या खुशीचा मामला आहे. माझ्या या खुशीचा दाखला देऊन उद्या कोणी एखाद्या तरुण सहकारी बाईंना "सर देतात, मग तुम्हांला काय अडचण?" असे विचारू लागला, तर तो खडू मी खाली ठेवीन आणि संस्थेच्या दारात विभागाच्या फोनची मागणी घेऊन उभा राहीन. खरे म्हणजे त्यासाठी उद्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.