त्राटिका परत आणायची तर...

मागच्या वीकांताला गावी जाऊन आलो. गाव म्हणजे गणपतीपुळ्याहून जेमतेम दहा-बारा किलोमीटर. संध्याकाळी देवळात उत्सवाची मीटिंग होती, म्हणून सहज जाऊन बसलो. विषय एकच, यंदा शेवटच्या रात्री काय ठेवायचं? ऑर्केस्ट्रा, लकी ड्रॉ, डीजे... यादी बरीच मोठी होती. नाटक मात्र यादीत नव्हतं. गावातल्या पोरांनी महिनाभर तालमी करून बसवलेलं नाटक आमच्याकडे बंद होऊन आता कितीतरी वर्षं झाली. कुणाला त्याची आठवणही झाली नाही. मला झाली, पण मी गप्प बसलो. पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने कशाला तोंड उघडा? वर्गणी दिली, प्रसाद घेतला आणि निघालो. आंबा घाट चढून होईपर्यंत स्वतःवरच चिडलेला होतो.

चिडायला कारण आहे. ते सांगायला थोडं मागे जावं लागेल, आणि थोडं लांबही.

बऱ्याच वर्षांपूर्वी कंपनीने ऑनसाइटला अमेरिकेत पोर्टलंडजवळ पाठवलं होतं. (तेव्हा आपणही कधीतरी ऑनसाइटला जाऊ ह्यावरच आमची अर्धी पिढी नोकरी करत होती!) एका लाँग वीकेंडला टीममधला एक गोरा सहकारी म्हणाला, ॲशलंडला जाऊन या. ओरेगॉन राज्याच्या दक्षिण टोकाला वीसेक हजार वस्तीचं गाव. तिथे शेक्सपिअर महोत्सव भरतो आणि तोही वर्षातले कित्येक महिने चालतो. साडेचार-पाच तास गाडी हाकत आम्ही दोघं पोहोचलो. उघड्यावरचं थिएटर, मागे एलिझाबेथच्या काळातल्या नाटकघरासारखी लाकडी दर्शनी भिंत, आणि नाटक 'टेमिंग ऑफ द श्रू'.

इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं. पण गोष्ट कळत होती, आणि कळता कळता एकदम ट्यूब पेटली. अरे, ही तर त्राटिका!

वासुदेव बाळकृष्ण केळकर म्हणून फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी ह्याच नाटकाचं मराठी रूप केलं, ते 'त्राटिका', १८९१ सालचं. शाहूनगरवासी नाटक मंडळींनी ते गाजवलं. प्रतापराव गणपतराव जोशी, आणि त्राटिका बाळाभाऊ जोग. हो, पुरुषच. मला हे सगळं माहीत असायचं कारण साहित्यिक वगैरे नाही. आमचे आजोबा, गावचे तात्या, तरुणपणी उत्सवाच्या नाटकात त्राटिका व्हायचे. गोरे, शेलाटे आणि आवाज खणखणीत. ते म्हातारे झाले तरी गावातली चार टाळकी त्यांना मागून "त्राटिकाबाई" म्हणायची, आणि तात्या काठी उगारून खूश व्हायचे. हे मला आत्याने सांगितलं. तोवर मला वाटायचं, तात्या म्हणजे भात, आंबे आणि पोस्टाचं पासबुक.

तर ॲशलंडबद्दल. तिथल्या माहितीपत्रकात वाचलं ते मी अजून विसरलेलो नाही. अँगस बोमर नावाच्या तिथल्या कॉलेजमधल्या मास्तराने १९३५ साली, चार जुलैच्या गावच्या उत्सवात शेक्सपिअरची दोन नाटकं करायची टूम काढली. जागा कुठली, तर एका पडीक सभागृहाच्या उरलेल्या गोल भिंतींच्या आत. नगरपालिकेला खात्री होती की हे बुडणार. म्हणून तोटा भरून काढायला त्याच स्टेजवर दुपारी मुष्टियुद्धाचे सामने ठेवायचं ठरलं. झालं उलटंच. सामने तोट्यात गेले आणि नाटकाच्या तिकिटांतून तो तोटा भरून निघाला!

म्हणजे बघा, साधारण ज्या काळात तात्या गावच्या देवळासमोर पेट्रोमॅक्सच्या उजेडात प्रतापरावावर डाफरत होते, त्याच काळात तिकडे एक मास्तर कॉलेजची पोरं घेऊन त्याच लेखकाची नाटकं बसवत होता. दोन्हीकडे गावचा उत्सव, हौशी नट आणि "ह्यातून काय मिळणार" म्हणणारे लोक. त्यांचा महोत्सव महायुद्धात काही वर्षं बंद पडला आणि पुन्हा उभा राहिला. शेक्सपिअरची सगळीच्या सगळी नाटकं त्यांनी एकदा नव्हे, चार वेळा करून संपवली. पहिली फेरी १९५८ साली पूर्ण झाली आणि चौथी २०१६ साली. आमचं नाटक मात्र एका वर्षी "यंदा नको" झालं, आणि ते यंदा अजून संपलेलं नाही.

फरक पैशाचा आहे असं तुम्ही म्हणाल. थोडा आहेच. पण पैसा त्यांनाही पुरलेला नाही. जंगलातल्या वणव्यांच्या धुरामुळे त्यांना उघड्यावरचे प्रयोग रद्द करावे लागले, मग करोना आला, आणि २०२३ साली महोत्सव वाचवण्यासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला. माझ्या मते खरा फरक सवयीचा आहे. दर वर्षी त्याच जागी, त्याच जुन्या संहितेला नवीन माणसं भिडणार, हे त्या गावाने गृहीत धरलं. जुन्या नाटकाचा महोत्सव म्हणजे दुसरं काय असतं? गोष्ट सगळ्यांना माहीत असते. लोक येतात ते ह्या वर्षीचा हॅम्लेट कसा आहे हे बघायला. जसं आपण नवीन गवयाकडून ऐकलेलाच राग ऐकायला जातो तसं.

आता आपल्याकडे काय शिल्लक आहे ते बघा. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं भाषांतर 'विकारविलसित' केलं ते डोंगरीच्या तुरुंगात. १८८२ साली त्यांना आणि टिळकांना १०१ दिवस तिथे ठेवलं होतं तेव्हा. गोविंद बल्लाळ देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे 'ऑथेल्लो', १८९० चा. पुढे शिरवाडकरांचा 'राजमुकुट' १९५४ चा, तो 'मॅकबेथ'. विंदांचा 'राजा लियर' १९७४ चा. आणि 'नटसम्राट' तर आहेच. १९७० पासून आपण अप्पासाहेब बेलवलकरांसाठी रडतोय, पण त्यांच्या मागे उभा असलेला तो म्हातारा राजा आपल्यातल्या कितीजणांनी मराठीत स्टेजवर पाहिलाय? मी नाही पाहिला.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या नोकरीतच शिकवतात, बहुतेक वेळा हात पोळल्यावर. घेतलेला बॅकअप रीस्टोअर करून बघितला नसेल, तर तो बॅकअप नाही, नुसती समजूत आहे. वाचनालयाच्या कपाटातली 'त्राटिका' ही अशीच एक समजूत आहे. तिचं मराठी आजच्या नटाच्या तोंडी बसतं का? कुठे अडखळतं? लोक हसतात ती जागा कुठली? कपाटाला हे माहीत नाही. त्यासाठी कुणीतरी उभं राहून ते मोठ्याने म्हणावं लागतं. आणि हे 'एकदाच भव्य प्रयोग' करून भागत नाही. बॅकअपसुद्धा दर महिन्याला तपासावा लागतो.

२०१२ साली लंडनच्या ग्लोब थिएटरने एक जबरी उद्योग केला होता. सदतीस नाटकं, सदतीस भाषा आणि प्रत्येक नाटक वेगळ्या देशातून किंवा भाषेतून. त्यात हिंदी होती, गुजराती होती. बांगलादेशाची बंगाली होती, पाकिस्तानची उर्दू होती. मराठी नव्हती. बोलावणाऱ्यांना दोष देऊ नका. आपण घरीच करत नसू तर पाहुण्यांनी कुठून ऐकावं?

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो फालतू नाही. साहेबाच्या नाटककाराचा महोत्सव कोकणात कशाला? आपले देवल, किर्लोस्कर काय वाईट आहेत? अजिबात नाहीत, त्यांचाही करा. पण 'झुंझारराव' देवलांचाच आहे हो! आणि गणपतीपुळ्याला लागूनच मालगुंड आहे, केशवसुतांचं जन्मगाव. त्यांनी इंग्रजी सॉनेट उचललं, त्याचं सुनीत मराठीत रुजवलं, आणि आपण त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो. तेव्हा कुणी ते परकं म्हणून टाकून दिलं नाही.

आणि खरं सांगू का, हे नाटक बघायला लागणारी नजर आमच्या कोकणातल्या माणसाकडे आधीपासूनच आहे. एलिझाबेथच्या काळातल्या थिएटरात पडदे-देखावे जवळपास नसायचे. दिवसाउजेडी खेळ, तिन्ही बाजूंनी माणसं, बायकांची कामं पोरांकडे आणि राजाच्या प्रवेशात मध्येच घुसणारा विदूषक. आमच्या नमन-खेळ्यांत दुसरं काय असतं? मृदंग वाजतो, राधा पुरुषच असतो, संकासूर येऊन धुमाकूळ घालतो, आणि "आता आपण मथुरेच्या वाटेवर आहोत" म्हटलं की झालं, सगळे मथुरेच्या वाटेवर. एसी नाट्यगृहात अंधारात गप्प बसायची सवय झालेल्या माझ्यासारख्यालाच हे परत शिकावं लागेल.

दुसरा आक्षेप माझ्या घरातूनच आला, तो जास्त अवघड आहे. ॲशलंडला नाटकाच्या शेवटी ती बाई नवऱ्याच्या आज्ञेत राहण्याबद्दल लांबलचक भाषण करते. तेव्हा बायकोने माझा हात सोडला आणि गाडीपर्यंत परत धरला नाही. "उपाशी ठेवून बायकोला वठणीवर आणतात, आणि तुम्ही हसता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. पण एवढं कळतं की हे भाषण कसं म्हणायचं, निमूट, उपरोधाने की संतापाने, ह्याचा निर्णय प्रत्येक वेळी कुणालातरी घ्यावा लागतो. तात्यांनी ते लुगडं नेसून म्हटलं तेव्हा समोरच्या बायका काय विचार करत असतील? 'त्राटिका' दोन गटांनी दोन वेगळ्या रात्री केली, तर दोन वेगळी उत्तरं मिळतील, आणि गावात आठवडाभर भांडणं होतील. होऊ देत. ऑर्केस्ट्रावरून कुणी भांडत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुळे-मालगुंड भागात, पावसाळा सोडून, दर वर्षी तीन रात्री. फक्त जुनी मराठी शेक्सपिअरी नाटकं. केळकर, देवल, आगरकर तिघांनाही जाऊन शंभर वर्षं उलटली, त्यामुळे संहिता सगळ्यांसाठी खुल्या आहेत, मानधनाचा प्रश्न नाही. (शिरवाडकर, विंदा करायचे तर रीतसर परवानगी घ्यायची.) देखावे नकोत, फिरता रंगमंच नको. नट गावचे, आणि त्यांच्या जोडीला पुण्या-मुंबईतले आपण, जे वर्षाला गोव्याच्या दोन ट्रिपा आरामात काढतो. महिनाभर शनिवार-रविवारी तालमी. पहिल्या वर्षी वाईट होईल. दुसऱ्या वर्षी कमी वाईट.

काल मीटिंगमधल्या अण्णांना फोन केला. म्हटलं, यंदा ऑर्केस्ट्रा ठेवा, पण दुसऱ्या रात्री दोन तास आम्हाला द्या, 'त्राटिका' करतो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "करा की. तात्यांचा नातू ना तू? पण मला एक सांग, त्राटिका कोण करणार?"

बायकोला विचारलंय. तिने अट घातलीय की शेवटचं भाषण कसं म्हणायचं ते ती ठरवणार.