कौलं गेली, धूर राहिला

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आमच्या वर्गातला एक मुलगा शाळेत आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी भेटायला आली. "सर, फजरच्या आधी गुस्लला गेला होता. बराच वेळ झाला, आवाज येईना. त्याच्या अब्बांनी कडी तोडली, तर हा खाली पडलेला."

अल्लाहचा शुक्र, मुलगा वाचला. घरच्यांना वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली असेल. डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का?" होता. आणि थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीच्या जाळीला पुठ्ठाही लावला होता.

आमच्या कोनमध्ये पूर्वी कौलारू घरं होती. चूल, शेगडी, जुमेरातीचा लोबान, सगळ्याचा धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. आता इमारती उभ्या राहिल्या. गिरणी कामगारांना 2016 च्या म्हाडा सोडतीत मिळालेली घरंही इथलीच. घरं छोटी, खिडक्या मोजक्या, त्याही डासांमुळे बंद. घर बदललं, पण आपल्या सवयी कौलारू घरातल्याच राहिल्या.

गॅस असो वा कोळसा, जळताना त्याला पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. "गॅस गळला तर वास येईलच की," असं अनेकजण म्हणतात. सिलिंडरच्या गॅसला तो वास मुद्दाम दिलेला असतो; जळून तयार झालेल्या या विषाला तो नसतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. आपण पित्त समजतो. जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत एका शाळकरी मुलीचा अशाच गीझरमुळे बळी गेला.

म्हणून गॅसचा गीझर आणि सिलिंडर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. ते होईपर्यंत बादली आधी भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडं ठेवावं आणि मगच आंघोळीला जावं. जाळी कधीही बुजवू नये. आत गेलेल्याने हाकेला ओ दिली नाही, तर वाट पाहू नये. त्याला आधी मोकळ्या हवेत आणावं, मग दवाखान्यात न्यावं, आणि गीझर चालू होता हे डॉक्टरांना आठवणीने सांगावं.

हीच गोष्ट निखाऱ्यांची. लोबान जाळायचा तर खिडकी उघडून, आणि निखारे विझवूनच झोपायचं. डासांच्या कॉइलचा धूरही साधा नाही. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळलं होतं. तान्ह्या बाळाच्या खोलीत मच्छरदाणीच बरी.

झोपण्यापूर्वी दिवे विझवा, भांडी झाका, ही नबी करीम (स.) यांची शिकवण आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. मदिनेत एका रात्री एक घर माणसांसह जळालं, तेव्हा झोपताना आग विझवण्याची ताकीद त्यांनी दिली होती. त्या काळी दिव्याची वात होती, आज गीझर, कॉइल आणि निखारे आहेत. शिकवण तीच आहे. जीव ही अल्लाहची अमानत आहे, आणि तिची राखण घरातूनच सुरू होते.

त्या मुलाच्या अब्बांनी पुठ्ठा त्याच दिवशी काढला. गीझर आता गॅलरीत आहे. आज आंघोळीला जाण्याआधी आपल्याही बाथरूमची जाळी एकदा बघून घ्या.