बांधावरचा लिंब आणि हुमणी



परवा शाहूपुरीत आपल्या एका सभासदांची गाठ पडली. हातात हुमणीच्या औषधाचा डबा. म्हणाले, "साहेब, औंदा बांधावरचा लिंब तोडूनच टाकला बघा. हुमणीचं माहेरच ते!"

त्यांचं अगदीच चूक नाही. मे-जूनमध्ये वळवाचा मोठा पाऊस झाला की दिवस मावळताना हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि लिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात. पण अंडी घालतात ती मातीत. लिंब तोडला म्हणून भुंगेरा मरत नाही. तो शेजाऱ्याच्या झाडावर जातो आणि अंडी घालायला पुन्हा तुमच्या उसात येतो. मग चोर जिथं जमतात तो अड्डाच कशाला मोडायचा? रात्री आठ-नऊला फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. एक मादी मेली की पन्नासेक अंडी टळतात. मात्र हे गावानं मिळून करायचं काम आहे, एकट्यादुकट्याचं नव्हे.

उरलेलं काम पाखरं करतात. नांगरामागनं बगळे, साळुंक्या, कावळे चालतात ते हुमणी टिपायलाच. कोतवाल उडते किडे धरतो. ऊस तुटला की शिवार उघडं पडतं. तेव्हा या पाखरांनी बसायचं कुठं?

उसाला मधमाशी लागत नाही, म्हणून आपण तिला विसरलो. पण दोडका, भोपळा, काकडीची नर-मादी फुलं वेगळी. माशी फिरली नाही तर फळ धरत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला पळस-पांगारा, मागोमाग जांभूळ, करंज फुलले की तिला खाद्य मिळतं. फुलोऱ्यात फवारा मारू नका.

खरं सांगायचं तर 'बांध साफ ठेवा' असं आम्हीच कानीकपाळी ओरडलो. आम्हाला तण काढायचं म्हणायचं होतं, कुऱ्हाड चालली झाडावर.

सावलीनं कडेच्या सरी मार खातात, ही तक्रार खरी आहे. म्हणून नवी झाडं ओढ्याकाठी, विहिरीजवळ, वस्तीभोवती लावा. गुलमोहर शोभेला ठीक, पण तो मूळचा मादागास्करचा. माझ्या मते कारखान्यानं वृक्षारोपणाला करंज, जांभूळ, उंबराचीच रोपं द्यावीत. येत्या सभेत सभासदांनीच हा विषय काढावा.

— ऊस विकास अधिकारी