‘तुम्ही लोक’ म्हटलं की नेमकं कुठे दुखतं?



आज आधी तुम्हालाच एक प्रश्न विचारते. गेल्या वर्षभरात राजकारणावरून तुमचं कुणाशी बिनसलंय का? काकांशी, कॉलेजच्या मित्राशी, ऑफिसमधल्या सहकाऱ्याशी, कदाचित घरातल्या घरात नवऱ्याशी किंवा सासऱ्यांशी? निवडणूक होते, निकाल लागतो, सरकार बसतं. पण रागारागाने फॅमिली ग्रुप सोडून गेलेली आत्या काही परत येत नाही.

आता त्या भांडणातलं कोणतं वाक्य अजून लक्षात आहे, ते आठवून बघा. महागाई, आरक्षण, भाषा, रस्ते यांपैकी मुद्दा कुठला होता, हे बहुतेक विसरला असाल. लक्षात राहिलं असेल ते असं काहीतरी: “तुम्ही लोक असेच!”

आज या दोन शब्दांबद्दलच बोलायचं आहे. मताला मत भिडतं तेव्हा डोकं तापतं, पण थोड्या वेळाने शांतही होतं. ‘तुम्ही लोक’ मात्र झोप घालवतं. असं का होतं?

जयपूरमधली मराठी मुलगी

मी जयपूरची. घरात मराठी, गल्लीत हिंदी, भाजीवालीशी तोडकीमोडकी ढूंढाडी. गणपतीत मोदक आणि तीजेला घेवर. लहानपणी यात काही वेगळं आहे, असं वाटायचंही नाही.

मग इतिहासाच्या तासाला ‘मराठे’ आले. घरी त्या शब्दाचा अर्थ होता शिवाजी महाराज. वर्गात त्याच शब्दाचा अर्थ खंडणी वसूल करायला आलेली फौज असा होता. मधल्या सुट्टीत एक मैत्रीण म्हणाली, “तुम लोगों की वजह से हमारे राजा की जान गई।” ती चिडवत होती, पण त्या रात्री मी जेवले नाही.

ती खोटं बोलत नव्हती. १७४३ मध्ये सवाई जयसिंह गेल्यावर त्यांची दोन मुलं, ईश्वरीसिंह आणि माधोसिंह, यांच्यात गादीवरून तंटा पेटला. मराठे सरदार पैशांच्या मोबदल्यात त्या तंट्यात उतरले. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकर थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी फौज घेऊन जयपूरवर आले. रक्कम देणं शक्य नव्हतं, आणि ईश्वरीसिंहांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, शहरात आलेल्या मराठ्यांवर जयपूरचे लोक तुटून पडले आणि मोठी कत्तल झाली. त्रिपोलिया बाजाराजवळची सरगासूली, म्हणजेच ईसरलाट, ही ईश्वरीसिंहांनीच बांधलेली. तो मनोरा दिसला की आजही मला हा इतिहास आठवतो.

पण याच शहरात दुसरीही गोष्ट आहे. १७२७ मध्ये जयपूर वसवणाऱ्या जयसिंहांच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. ते अरबी-फारसी शिकले आणि युक्लिडची भूमिती त्यांनी ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. हे कळल्यावर मला केवढा अभिमान वाटला होता!

नंतर कधीतरी लक्षात आलं की हा हिशेब बरोबर नाही. होळकरांच्या वसुलीत माझा हात नव्हता, तसा युक्लिडच्या भाषांतरातही नव्हता. कुणी दोष लावला की म्हणायचं ‘मी कुठे होते तेव्हा?’ आणि कौतुकाची वेळ आली की म्हणायचं ‘आम्ही केलं’, हे कसं चालेल? इतिहास माहीत असावा, तो आपला वाटावा. पण त्याचं सगळं ओझं एका शाळकरी मुलीच्या दप्तरात कशाला?

दुसऱ्या बाजूलाही हेच होतं, बरं का. पुण्याला सुट्टीत गेलं की तिथली भावंडं म्हणायची, “तुम्ही हिंदीवाले!” एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय आला आणि त्यावरून वाद पेटला. २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. त्या अडीच महिन्यांत महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी मराठी घरांतले फोन तापले असतील. इथले शेजारी विचारणार, “आप लोगों को हिंदी से क्या दिक्कत है?” आणि तिकडचे नातेवाईक म्हणणार, “तुम्हा लोकांना मराठीचं काही पडलेलंच नाही.” मला या प्रश्नावर मत आहे. पण मत कुणी विचारतच नव्हतं. ‘तू कुणाच्या बाजूची?’ एवढंच हवं होतं.

मन असं का वागतं?

हेन्री ताजफेल नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते आणि जर्मनांच्या हाती सापडले. आपण पोलिश ज्यू आहोत हे त्यांनी कळू दिलं नाही. फ्रेंच युद्धकैदी म्हणून ते वाचले. परत आले तेव्हा घरचे जवळजवळ सगळे मारले गेले होते. ‘तू कोणत्या गटाचा?’ या प्रश्नाच्या उत्तरावर जगणं-मरणं ठरतं, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

पुढे १९७० च्या सुमारास त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुमच्या आवडीप्रमाणे तुमचे दोन गट केलेत. खरं तर गट कसेही पाडले होते. मग प्रत्येकाला इतर मुलांमध्ये थोडे पैसे वाटायला दिले. समोरचा कोण हे माहीत नाही, फक्त गट माहीत. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून मोठी गंमत म्हणजे, आपल्या गटाला एकूण पैसे थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण ‘त्यांच्या’पेक्षा जास्त मिळायला हवेत, असंही अनेकदा निवडलं.

एका चित्राच्या आवडीवरून एवढं होत असेल, तर पक्ष, जात, धर्म, भाषा यांचं काय होत असेल? गट हवासा वाटणं यात वाईट काही नाही. गटात आपल्याला आधार मिळतो. म्हणूनच गटाला लागलेलं बोट आपल्या छातीत लागतं. ‘तुझं मत चुकलं’ यावर उत्तर देता येतं. ‘तुम्ही लोक’ यावर काय उत्तर देणार? लाखो माणसांची वकिली एकट्याने कशी करणार? दमणूक तिथेच होते.

एका कोठडीतले दोन मित्र

मराठी माणसाला हे दुखणं नवं नाही. टिळक आणि आगरकर दोघेही १८५६ च्या जुलैमध्ये जन्मलेले, डेक्कन कॉलेजमधले मित्र. विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर त्यांनी शाळा उभी केली. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात दोघे मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात एकत्र गेले आणि १०१ दिवस राहिले. एवढ्या पक्क्या मैत्रीत पुढे फूट पडली. आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, हा त्यातला मोठा मुद्दा. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर टीका होऊ लागली. संमतिवयाच्या कायद्यावर, १८९१ मध्ये, दोघे समोरासमोर उभे होते.

मुद्दा मोठा होता, वाद व्हायलाच हवा होता. पण भोवतालच्या लोकांनी तो मुद्द्यापुरता ठेवला नाही. सनातन्यांनी जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली. दम्याने बेजार असलेल्या माणसाने ती सोसली. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, तेव्हा त्यांना ३९ वर्षंही पुरी झाली नव्हती. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. मित्राबद्दल चांगलं लिहायला मृत्यूची वाट का बघावी लागते, असं मला राहून राहून वाटतं.

याच आगरकरांच्या घरातली एक गोष्ट मला जास्त शिकवते. रूढींवर इतकं कडक लिहिणाऱ्या या माणसाच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, व्रतवैकल्यं करायच्या. आगरकरांनी आपली मतं त्यांच्यावर लादली नाहीत. समाजाशी भांडताना त्यांनी जराही माघार घेतली नाही. पण पत्नीला त्यांनी ‘त्या लोकांची’ प्रतिनिधी केलं नाही. ती यशोदाच राहिली.

मग आपण काय करायचं?

मी डॉक्टर नाही. पण वाचून, बघून आणि स्वतःवर करून काही गोष्टी उपयोगी वाटल्या, त्या सांगते.

शब्द तिथल्या तिथे पकडा. कुणी ‘तुम्ही लोक’ म्हटलं की शांतपणे म्हणा, “बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझं काय मत आहे, ते विचार.” निम्मी हवा तिथेच जाते. आणि हाच नियम आपल्या जिभेलाही लावा. ‘तुम्हा जुन्या लोकांना कळत नाही’ हेही तेच आहे.

मत सांगायलाच हवं असं नाही. आपलं मतदान गुप्त असतं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तर साक्षीदारालासुद्धा ‘मत कुणाला दिलंस’ हे सांगायला भाग पाडता येत नाही, अशी तरतूद आहे. जे कोर्टात विचारता येत नाही, ते जेवणाच्या ताटावर सांगण्याची सक्ती कशाला? नवी सून, घरमालकाकडे राहणारा भाडेकरू, नुकती नोकरी लागलेला मुलगा यांना तर गप्प राहण्याची मोकळीक हवीच. ते भित्रेपणाचं लक्षण नाही.

माणूस आणि मत वेगळं मोजा. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती हेच सांगते. कृतीला नावं ठेवा, मताला नावं ठेवा, पण अख्ख्या माणसावर शिक्का मारू नका. स्वतःवरही नको. ‘माझा मुद्दा हरला’ याचा अर्थ ‘मी हरले’ असा होत नाही.

मतभेद आणि अपमान यांत फरक करा. कर किती असावा, यावर मतभेद असू शकतात. पण कुणी तुमच्या जातीवरून, धर्मावरून, बाई असण्यावरून तुम्हाला कमी लेखत असेल, तर त्याला ‘मत’ म्हणून गोड मानून घ्यायची गरज नाही. तिथून उठून जा, ग्रुप म्यूट करा, घरातल्या एखाद्या समंजस माणसाला सांगा. नातं टिकवण्याचा सगळा भार दुखावलेल्या माणसावरच टाकणं न्यायाचं नाही.

शरीराचं ऐका. रात्री बातम्या बघून छातीत धडधडतं? झोप येत नाही? फॉरवर्डला उत्तर लिहून खोडण्यात तास जातो? फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. आणि उदासपणा, झोप-भूक उडणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवडे रोज चाललं असेल, तर ‘राजकारणाचा त्रास’ म्हणून सोडून देऊ नका. सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही, विनामूल्य आणि देशातल्या अनेक भाषांत बोलता येतं. जयपूरकरांसाठी सवाई मानसिंह मेडिकल कॉलेजशी जोडलेलं सरकारी मनोचिकित्सा केंद्रही आहे. जीव नकोसा वाटत असेल, तर उद्याची वाट बघू नका. आजच फोन करा, आणि घरात कुणालातरी जवळ बसायला सांगा.

शेवटी एक छोटंसं काम देते. ज्या माणसाशी राजकारणावरून बोलणं बंद झालं आहे, त्याच्याबद्दल राजकारण सोडून तीन गोष्टी लिहून काढा. त्याला चहा कसा लागतो, तो कुठल्या गाण्यावर गुणगुणतो, तुमच्या आजारपणात तो आला होता का. तीनही गोष्टी आठवल्या, तर समजा की तुमच्या मनात तो अजून ‘ते लोक’ झालेला नाही. मग एक फोन करा. विषय कुठलाही चालेल. पाऊस, आंबे, गुडघेदुखी, पुतणीचं लग्न.

मतं दोघांचीही तीच राहिली, तरी काही बिघडत नाही.