गाठ हातावर, नजर गेट पासवर

प्रति,
मा. प्रभारी संचालक,
भिलाई इस्पात संयंत्र

महोदय,

टीबीची चाचणी म्हटली की भिलाईतल्या मराठी घरांत अजून मांटूच आठवते. हातावर सुई, दोन-तीन दिवसांनी गाठ मोजायची, आणि गाठ आलीच तर डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न: लहानपणी बीसीजी टोचली होती का? आपल्याकडे ती जवळजवळ सगळ्यांनाच टोचतात. मांटूत वापरतात ते पीपीडी म्हणजे टीबीच्या जंतूच्या अनेक प्रथिनांची खिचडी. त्यातली बरीच लशीच्या जंतूतही असतात, म्हणून गाठ लशीची की खऱ्या संसर्गाची, याचा घोळ राहतो.

ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही टीबीच्या जंतूतली दोन प्रथिने मात्र लशीत नाहीत. ही लस घडवणाऱ्या काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ पासून तेरा वर्षे गुरांच्या क्षयाचा जंतू वाढवत-वाढवत सौम्य केला, तेव्हा ही प्रथिने बनवणारा जनुकांचा तुकडा गळून पडला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी चाचणी याच दोन प्रथिनांवर बेतलेली आहे. गाठ ५ मिलिमीटर किंवा जास्त भरली की संसर्ग आहे असे धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा त्वचा-चाचण्यांची शिफारस केली. (रक्तातली प्रतिपिंडे पाहून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर मात्र आपल्या सरकारनेच २०१२ मध्ये बंदी घातली. अशी चाचणी कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणावे.)

हे तुम्हाला लिहिण्याचे कारण धूळ. कोक ओव्हनची सिलिका वीट फोडणारा, भट्टीचे अस्तर बदलणारा माणूस बहुधा ठेका कामगार असतो. सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात टीबी लवकर मूळ धरतो. म्हणूनच टीबी प्रतिबंधक उपचारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय सूचनांत सिलिकोसिसच्या रुग्णांचा वेगळा उल्लेख आहे.

तेव्हा सीवाय-टीबी चाचणी धुळीत काम करणाऱ्या प्रत्येकाची करा, मग त्याचा पगार संयंत्र देवो की ठेकेदार. गाठ ४८ ते ७२ तासांत वाचावी लागते. त्यासाठी कामगाराला दुसऱ्यांदा यायला लावले आणि त्या दिवसाची हजेरी गेली, तर तो येणार नाही. मीही आलो नसतो. वाचणारा माणूस शिफ्ट सुटताना कामाच्या जागीच पाठवा.

गाठ आली म्हणजे रोग झाला असे नव्हे. लक्षणे विचारावीत, छातीचा एक्स-रे काढावा, गरज पडल्यास थुंकी तपासावी. रोग नसेल तर आठवड्यातून एकदा, अशा बारा मात्रांचा प्रतिबंधक उपचार उपलब्ध आहे. पण ठेकेदाराच्या कानावर 'पॉझिटिव्ह' एवढा एकच शब्द गेला, तर पुढे काय होते हे गेटवर उभा असलेला कुणीही सांगेल. म्हणून चाचणीचा निकाल फक्त डॉक्टर आणि कामगार यांच्यात राहील, त्यावरून कुणाचाही गेट पास थांबणार नाही, असा लेखी आदेश आधी काढा. सुया नंतर मागवा.

आपला,
भिलाईचा एक रहिवासी